नाव पुसले म्हणजे संमती मिळाली असे नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशींविषयी लिहिताना विज्ञानाला झालेला लाभ सविस्तर सांगितला जातो आणि संमतीचा प्रश्न मात्र ‘त्या काळी तशी पद्धतच नव्हती’ एवढ्यावर आटोपला जातो, हे मला मुळीच पटत नाही. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार सुरू करण्यापूर्वी या कृष्णवर्णीय महिलेची संमतीपत्रावर रीतसर सही घेण्यात आली होती. म्हणजे रुग्णाला विचारायचे असते, हे तेव्हाही ठाऊक होते. पुढे उपचारासाठी किरणोत्सारी रेडियम गाठीपाशी बसवताना, त्या गुंगीत असताना, गाठीचा छोटासा तुकडा काढून मानवी पेशी शरीराबाहेर वाढवू पाहणारे संशोधक जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवला गेला, तो मात्र न विचारता. इतरांच्या पेशी तिथे थोड्याच काळात मरून जात. या पेशी साधारण २४ तासांत दुप्पट होत राहिल्या. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या ३१ व्या वर्षी, पाच मुलांना मागे ठेवून त्या गेल्या.

पोलिओच्या लशीच्या चाचणीसाठी या ‘हेला’ (हेन्रिएटा लॅक्स या नावावरून) पेशी प्रचंड प्रमाणावर वाढवल्या गेल्या, पुढे त्यांची विक्रीही झाली. पेशी कोणाच्या, असे विचारले की बराच काळ ‘हेलन लेन’ हे खोटे नाव सांगितले जाई. त्या नावाने रुग्णाची ओळख झाकली, हे खरे. पण त्यामुळे तिच्या मुलांनाही काही कळले नाही. १९७३ च्या सुमारास संशोधक त्यांचेच रक्त मागायला आले, तेव्हा आईच्या पेशी जिवंत असल्याचे त्यांना समजले! २०१३ मध्ये या पेशींचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तोही कुटुंबाला न विचारता.

म्हणूनच, नमुन्यावरचे नाव काढले की संमतीची गरज उरत नाही, हा युक्तिवाद मला धोकादायक वाटतो. अमेरिकेच्या २०१७ मधील सुधारित नियमांतही, उपचारांनंतर उरलेल्या आणि ओळख पुसलेल्या नमुन्यांसाठी वेगळी संमती सक्तीची केलेली नाही. या पेशींपासून नफा कमावल्याबद्दल लॅक्स यांच्या वारसांनी थर्मो फिशर या कंपनीवर दावा केला होता; त्यातली तडजोड २०२३ मध्ये जाहीर झाली. तिचा तपशील गोपनीय आहे, आणि नियम जिथे होता तिथेच आहे. तो बदलावा आणि ‘उरलेला नमुना संशोधनासाठी वापरू का?’ हा प्रश्न रुग्णाला समजेल अशा भाषेत, वेगळ्या सहीसह, गुंगी देण्यापूर्वी विचारणे बंधनकारक व्हावे.

आपला,
एक वाचक