काळोखी कादंबरी चारचौघांत

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी वाचून तुझी झोप उडाली आणि आता बुक क्लबात चर्चेची सुरुवात नेमकी तुलाच करायची आहे, हे वाचून हसू आलं. "इतक्या काळ्याकुट्ट पुस्तकावर बोलायचं तरी काय?" म्हणतेस. बोलायला पुष्कळ आहे गं. फक्त 'लेखकाला काय सांगायचंय' असं विचारू नकोस. हुकूमशाही वाईट, पाळत वाईट, हे सगळ्यांना पाठ असतं. दहा मिनिटांत चर्चा आटोपते.

त्यापेक्षा विचार, पुस्तक मिटावंसं कुठे वाटलं? तू छळाची खोली क्रमांक १०१ म्हणशील, तो उंदरांचा पिंजरा. तुझ्या वयात मीही तेच म्हणालो असतो. आता मी अडतो तो पार्सन्सपाशी. नायक विन्स्टनचा तो घामट, बडबड्या शेजारी. झोपेत 'मोठ्या भावा'विरुद्ध, म्हणजे त्या राजवटीच्या सर्वेसर्वा 'बिग ब्रदर'विरुद्ध, बरळला. सात वर्षांच्या मुलीनं किल्लीच्या भोकाला कान लावून ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी गस्तवाल्यांना कळवलं. कोठडीत हा बाप म्हणतो काय, तर पोरीचा मला अभिमान वाटतो! छळाची वर्णनं मी सलग वाचून काढली, पण इथे पुस्तक बाजूला ठेवलं. याला मोडायला उंदरांची गरजच पडली नाही. गटात कुणी आईबाप असतील तर त्यांना आधी बोलू दे.

शेवटावरून वाद होईलच. विन्स्टनचं काय झालं ते स्पष्टच आहे. खरी गंमत त्यानंतरच्या, राजवटीनं घडवलेल्या भाषेवरच्या परिशिष्टात आहे. रुक्ष म्हणून बरेचजण ते गाळतात. पण ते भूतकाळात लिहिलंय, म्हणजे लिहिणाऱ्याच्या वेळी ती राजवट संपलेली असावी, असं काही वाचक मानतात. अमेरिकेतल्या 'बुक ऑफ द मंथ क्लब'ला हे परिशिष्ट आणि कादंबरीतल्या राजवटीचा शत्रू गोल्डस्टाइन याच्या ग्रंथाचा भाग वगळून कादंबरी हवी होती. ऑर्वेल क्षयानं खंगलेला, तरी मोठ्या रकमेवर पाणी सोडायची तयारी ठेवून नाही म्हणाला. शेवटी क्लबनंच माघार घेतली. जून १९४९मध्ये पुस्तक आलं, जानेवारी १९५०मध्ये तो गेला. मला विचारशील तर, क्रियापदांच्या काळावर एवढी मोठी आशा टांगू नये. पण माणूस ज्या पानांसाठी इतका अडून बसला, ती त्यानं उगाच जोडली नसणार, हेही खरं.

ज्यांनी अर्ध्यात सोडलं असेल त्यांना गप्प बसवू नकोस. कुठे सोडलं, हेच ऐकण्यासारखं असतं.

आणि विन्स्टनच्या प्रेयसीला, ज्युलियाला विसरू नका. विन्स्टन गोल्डस्टाइनचा तो जाडजूड ग्रंथ भक्तिभावानं वाचून दाखवतो आणि ही बाई चक्क झोपी जाते. ती बेफिकीर की त्याच्याहून शहाणी? मी शहाणी म्हणेन, तुझी आई नाही म्हणते. तुमच्याकडे काय ठरतं ते कळव.

तुझा,
बाबा