ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे आतले पार्ट सुटे मिळायलाच हवेत

मा. संपादक,

"काका, ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स कोणी उघडत नाही, डायरेक्ट बदलतात." हे मला चार ठिकाणी ऐकवलं गेलं. माझी गाडी १३ वर्षं जुनी, चार स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद तेलामार्फत पुढे देणारा भाग असलेला) गिअरबॉक्स. डी ला टाकली की दोन-तीन सेकंद तशीच उभी राहायची मग धक्का मारून ओढायची, आणि तिसऱ्या गिअरला नुसता रेस वाढायचा, गाडी पुढे जायचीच नाही. नवीन असेंब्लीचा, म्हणजे अख्ख्या गिअरबॉक्सचा, खर्च सांगितला तो गाडीच्या आजच्या किमतीएवढा. मी ३२ वर्षं एमआयडीसीत टूलरूमला काढली आहेत, मनाला पटेना, म्हणून घरच्या पार्किंगमध्ये स्वतःच उघडला.

आत निघालं काय? एका क्लच पॅकच्या (एकमेकांवर दाबून गिअर धरणाऱ्या चकत्यांचा गठ्ठा) फ्रिक्शन प्लेटांवरचा कागदासारखा थर जळून काळा झालेला आणि पिस्टनचे रबरी सील लाकडासारखे कडक झालेले, बस्स. गिअर, शाफ्ट, केसिंग सगळं ठणठणीत. एवढ्यासाठी अख्खी असेंब्ली भंगारात घालायची?

हत्यारं म्हणाल तर फार वेगळी लागली नाहीत. गिअरबॉक्स उतरवायला ट्रान्समिशन जॅक मात्र हवाच, तो भाड्याने आणला, साध्या जॅकवर एवढं वजन तोलायच्या भानगडीत कोणी पडू नये. बाकी आतून-बाहेरून चालणारे सर्क्लिप प्लायर, फट मोजायला फीलर गेज, एंड प्ले (शाफ्ट मागे-पुढे किती हलतो ते) बघायला डायल गेज. क्लचची स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर मी थ्रेडेड रॉड आणि दोन पट्ट्यांचा घरीच बनवला. टॉर्क रेंच छोटा पाहिजे, व्हॉल्व्ह बॉडीचे (तेल कुठल्या क्लचला जायचं ते ठरवणारा भाग) बोल्ट १० न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचे असतात, चाकाच्या नटांचा मोठा रेंच लावला तर ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. व्हॉल्व्ह बॉडीतल्या छोट्या गोळ्या कुठल्या खाचेत होत्या त्याचे उघडतानाच फोटो काढून ठेवावेत. आणि कॉटन वेस्टने आतलं काहीही पुसू नका, त्याचा एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी सगळं परत खोलावं लागतं. गोळ्या, वॉशर जागेवर चिकटवायला साधं व्हॅसलीन वापरायचं, ग्रीस नाही, कारण व्हॅसलीन गरम तेलात विरघळतं, ग्रीस बारीक छिद्रं बंद करतं. नव्या प्लेटा बसवायच्या आधी तासभर एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) बुडवून ठेवल्या. टॉर्क कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो, तो लेथवर कापून, साफ करून, परत बॅलन्स करणाऱ्याकडेच द्यावा लागतो. बसवताना तो गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण आत गेला पाहिजे, नाहीतर बोल्ट आवळताना पंपच फुटतो. गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर पण धुवायचाच, जुन्या प्लेटांचा चुरा तिथे बसून राहतो आणि नव्या कामात परत येतो.

(एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचे क्लच-गिअर आपोआप चालवणारी पद्धत, आणि सीव्हीटी, म्हणजे पुली-पट्ट्यावर चालणारी, या दोन प्रकारच्या ऑटोमॅटिकची गोष्ट वेगळी, त्यांना हे लागू नाही.)

म्हणजे काम जमण्यासारखं आहे, अडलं ते पार्टवर. सील, गास्केट, फ्रिक्शन आणि स्टील प्लेटा असं सगळं असलेलं किट इथे काउंटरवर मिळेना, "असेंब्लीचाच पार्ट नंबर आहे" एवढंच उत्तर. शेवटी पुतण्याने मिशिगनहून पाठवलं, कारण तिकडे हाच गिअरबॉक्स वापरात आहे आणि त्याचं किट कोणीही विकत घेऊ शकतो. क्लच पॅकमध्ये फट किती ठेवायची तो आकडासुद्धा त्याच्याकडूनच कळला. तो आकडा नसेल तर नवीन प्लेटा पण महिन्याभरात जळतात, आणि मग लोक म्हणतात की बाहेरच्या मिस्त्रीला जमत नाही. अहो, त्याला माप सांगितलंच नाही तर जमणार कसं?

२०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता, प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला आज फ्रिक्शन प्लेट हवी असेल तर माझ्या अनुभवात तरी ती मिळत नाही. आतल्या प्रत्येक सील-प्लेटला वेगळा पार्ट नंबर आणि किंमत असावी, क्लिअरन्स (फट) आणि तेलाच्या प्रेशरचे आकडे मराठीतून छापलेले मिळावेत, हे कंपन्यांना बंधनकारक करा एवढीच मागणी आहे.

गाडी आता आठ महिने व्यवस्थित चालते आहे. जळलेल्या प्लेटा, कडक झालेले सील आणि घरी बनवलेला कॉम्प्रेसर मी जपून ठेवलाय, कुठल्या आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या पोरांना दाखवायला हवं असेल तर मी स्वतः घेऊन येईन.

– एक निवृत्त टूलरूम कामगार, सातपूर, नाशिक