रस्त्यांसाठी कर्ज काढा, पण आधी आम्हाला विचारा

संपादक महोदय, स.न.

पुणे महापालिकेने 2017 मध्ये 24 तास पाण्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे बाँड, म्हणजे कर्जरोखे काढले, तेव्हा कर भरणाऱ्यांचं मत कोणी घेतलं का, तर नाही. सॅन फ्रान्सिस्कोत 2011 साली रस्त्यांसाठी 24.8 कोटी डॉलरचे बाँड काढायचे होते तर आधी मतदान झालं, आणि नुसतं बहुमत नाही हं, दोन तृतीयांश मतं लागतात, ती मिळाली म्हणून कर्ज निघालं. यातले साधारण 15 कोटी डांबरीकरणाला, बाकीचे सिग्नल, फूटपाथ आणि व्हीलचेअरसाठी कोपऱ्यावरचे उतार यांना. फेड प्रॉपर्टी टॅक्समधून, म्हणजे बोजा शेवटी लोकांवरच, पण तो त्यांनी स्वतः मान्य केलेला.

आमच्याकडे नवं डांबर पडलं की महिन्याभरात केबलवाले येऊन खणतात, वर पेव्हर ब्लॉक उलटेसुलटे बसवून जातात आणि पैसे बजेटमधल्या कुठल्या हेडमधले होते तेही कळत नाही. बाँडसाठी मतदान आपल्याकडे होत नाही, ठीक आहे, पण मग निदान कर्ज काढायच्या आधी वॉर्डाप्रमाणे रस्त्यांची यादी आणि परतफेड किती वर्षं चालणार ते छापा, हरकती मागवा, आम्ही वाचून उत्तर देऊ.

– एक करदाता, पुणे