आमच्या वर्गात आलेल्या होऊ घातलेल्या डॉक्टरांना

मुलामुलींनो,

तुमची परीक्षा तोंडावर होती, तरी चार शुक्रवार तुम्ही आमच्या तिसरीच्या वर्गात आलात. शेवटच्या दिवशी गडबडीत नीट बोलणं झालं नाही, म्हणून हे पत्र.

'जेवणाआधी हात धुवा' हे मी पंधरा वर्षं शिकवते आहे. मुलं ते घडाघडा म्हणतात आणि बोटं ओली करून पळतात. तुम्ही ते वाक्य उच्चारलंच नाही. तळव्यांना तेल चोळून वर चमकी भुरभुरलीत आणि म्हणालात, 'आता ही घालवून दाखवा.' नुसत्या पाण्याने ती हलेना. साबणाने वीस सेकंद चोळल्यावरही कुणाच्या अंगठ्यामागे, कुणाच्या नखांच्या कडेला, बेचक्यांत चमकत राहिली. आपले हात कुठे धुवायचे राहतात, हे मुलांनी स्वतःच हुडकलं.

दातांच्या दिवशी मीही शिकले. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते ती कायमची. ती पडून नवी येत नाही. एका मुलाने हे घरी सांगितलं, आईने त्याला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. नुकतीच कीड लागली होती. दाढ वाचली.

आहाराचा तक्ता मात्र जरा लांबला. मुलं चुळबुळायला लागताच तुम्ही तो गुंडाळून ठेवलात, हे मला फार आवडलं.

आणि ती कागदाची सुरळी! 1816 साली लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी कागद गुंडाळून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले, त्यातून पुढे स्टेथोस्कोप आला, ही गोष्ट सांगून तुम्ही प्रत्येकाला एकेक कागद दिलात. आमची एक मुलगी डॉक्टर म्हटलं की रडते. तुमच्यातला एकजण तिच्यासमोर जमिनीवर बसला. 'आधी तू मला तपास.' तिने सुरळी त्याच्या छातीला टेकवली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, 'दादा, किती धडधडतंय! तुला भीती वाटते?'

तो म्हणाला, 'हो. वर्गासमोर बोलायची.'

त्या 'हो'साठी मी तुमची कायमची ऋणी आहे. ती सुरळी चुरगळू नये म्हणून ती मुलगी तिला पट्टीभोवती गुंडाळून दप्तरात ठेवते. परवा शाळेत आरोग्य तपासणी झाली. रांगेत ती तिसरी उभी होती.

तुमच्या,
तिसरीच्या बाई