सॉफ्टवेअर घेताना कोडपण मागून घ्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या शहापूर, खडेबाजार भागातल्या दुकानांची कॉम्प्युटर आणि बिलिंगची कामं बघतो. बिल कन्नड-इंग्लिशमध्ये निघतं, पण खानापूर नाहीतर चंदगडाकडनं येणाऱ्या गिऱ्हाइकाला मालाचं नाव मराठीत हवं असतं, म्हणून एका दुकानदारानं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला मराठीची सोय करून द्या म्हटलं, तर त्यानं वेगळे पैसे सांगितले आणि वर दरवर्षीचं रिन्युअल. ओळखीतला इंजिनीअरिंगचा एक पोरगा म्हणाला मी करून देतो, फक्त कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, आणा. विकणारा काही केल्या कोड देईना, कंपनीचं सिक्रेट आहे म्हणे!

मग इन्स्टॉल केलेला फोल्डर उघडला तर आत ‘कॉपीइंग’ नावाची फाइल, त्यात जीपीएल (कोड सगळ्यांना खुला ठेवायला लावणारं लायसन) व्हर्जन २ चं अख्खं लायसन. म्हणजे मूळ सॉफ्टवेअर दुसऱ्याच कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुलं सोडलेलं, ह्यानं ‘अबाउट’ मधलं त्याचं नाव काढून आपला लोगो बसवला, फाइल तेवढी काढायची राहिली. मूळ लेखकाला मेल केला तर तोपण ह्याच विक्रेत्याकडं कोड मागून दमलेला.

जीपीएलचं सॉफ्टवेअर विकायला बंदी नाही, हवी ती किंमत लावा. पण १९९१ सालच्या ह्या लायसनमध्ये सरळ लिहिलंय की प्रोग्राम देताना सोबत कोड द्या, नाहीतर निदान तीन वर्षं कुणीही मागितला तर देऊ असं लेखी द्या, आणि त्याचे पैसे कॉपी करून पाठवायच्या खर्चापुरतेच घ्या. मूळ लेखकाची कॉपीराइटची नोटीस काढायची नाही. ही अट नुसती लेखकाच्या मानासाठी नाही, पैसे मोजून घेणाऱ्या दुकानदाराचा हक्क त्यात आहे.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही बरं का. म्युनिकच्या कोर्टानं २००४ साली सिटेकॉम कंपनीला जीपीएल पाळल्याशिवाय तिचा राउटर विकायला मनाई केली होती. त्याच्या आदल्या वर्षी लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स, म्हणजे जीपीएलखालचीच ऑपरेटिंग सिस्टीम, सापडलं, लोकांनी पाठपुरावा केला, कंपनीला कोड द्यावा लागला, त्यातनं ओपनडब्ल्यूआरटी नावाचं राउटरचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं आणि आज त्याच्या सेटिंगच्या पानांचं मराठी भाषांतरसुद्धा लोक करतायत. कोड हातात आला की आपल्या भाषेचं काम आपणच करू शकतो, कुणाच्या पाया पडायला नको.

विकणारे असं वागले की लेखक चिडतात आणि लायसनच आवळतात, ते मला पटत नाही. मोंगोडीबी ह्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या कंपनीनं क्लाउडवाल्यांना (तेच सॉफ्टवेअर इंटरनेटवरनं भाड्यानं देणाऱ्यांना) रोखायला २०१८ मध्ये नवं लायसन आणलं, तर डेबियन, फेडोरा ह्या लिनक्स तयार करून वाटणाऱ्या प्रकल्पांनी ते मोकळं मानलंच नाही आणि मोंगोडीबी काढून टाकलं. रेडिस ह्या दुसऱ्या डेटाबेसनं मार्च २०२४ मध्ये तसंच केलं, लगेच त्याच्या जुन्या खुल्या कोडवरनं वाल्की नावाचा वेगळा प्रकल्प निघाला, शेवटी २०२५ मध्ये रेडिसला एजीपीएलचा (जीपीएलच्याच घरातल्या लायसनचा) खुला पर्याय परत द्यावा लागला. लेखकांचा राग समजतो हो, फुकट राबायचं त्यांनी आणि कमवायचं दुसऱ्यानं, पण त्यात चूक न केलेला वापरणारा भरडला जातो. आहे ते लायसन पाळायला लावा ना, कायदा लेखकाच्या बाजूनं आहेच.

आपल्या भागात इतक्या मराठी पतसंस्था, सोसायट्या, वाचनालयं, शाळा आहेत, सगळीकडं कुणी ना कुणी सॉफ्टवेअर विकून जातोय. माझी कळकळीची विनंती, मार्चअखेरीला रिन्युअलचा चेक फाडायच्या आधी कोटेशनवरच लिहून घ्या की ह्यात कुठली ओपन सोर्स (खुल्या कोडची) सॉफ्टवेअर वापरलीत, त्यांची लायसन्स काय, आणि जीपीएल असेल तर कोड कधी देणार. व्यापारी संघटनांनी असा एक नमुना छापून सभासदांना वाटला तर लहान दुकानदाराला एकट्याला भांडत बसावं लागणार नाही. तो नमुना लिहून द्यायला मी तयार आहे, एक पैसा घेणार नाही.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव