हिंबा बायकांच्या आंघोळीत काहून अडकून पडायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या गुरं पाळणाऱ्या हिंबा लोकांवर अर्ध पान आलं, वाचून बरं वाटलं, पण हेडिंग काय तर 'आयुष्यभर आंघोळ न करणाऱ्या बायका'! अहो नामिबियाच्या त्या कुनेने भागात पाण्याची मारामार, जे मिळते ते आधी माणसाला न गुराला, म्हणून बायका निखाऱ्यावर सुवासिक झाडपाला टाकून धुरी घेतात, घाम निघून अंग साफ होते, आणि वरून लोणी न गेरूचा लाल लेप, ज्याला ते ओत्जिझे म्हणतात. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-धुरी देतात त्याचं कोणी हेडिंग करते का?

खरी गंमत पुढेच आहे. घर न गुरांचा वाडा याच्या मधात ओकुरुवो म्हणजे पवित्र अग्नी असतो, तिथे घरातला कर्ता पूर्वजांशी बोलतो. प्रत्येकाला दोन कुळं, एक बापाचं एक आईचं, अग्नी न देवधर्म बापाकडून आणि गुरं मात्र बहुतेक आईच्या कुळात जातात, म्हणजे मामाची गाय भाच्याकडे. इकडे सातबाऱ्यावर बहिणीचं नाव चढवायचं म्हटलं तर भाऊ लोकं वर्षभर बोलत नाहीत बाप्पा.

आणि धरणाबद्दल तर एक ओळ नाही. 1990 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि लगेच कुनेने नदीवर एपुपा धबधब्यापाशी विजेसाठी धरणाचा प्लॅन आला. हिंबांचे मुखिया हिकुमिनुए कापिका यांनी उघड विरोध केला, कारण नदीकाठच्या कबरी बुडणार होत्या, आणि तिथे कबर म्हणजे नुसती आठवण नाही, ज्याचे पूर्वज जिथे पुरले त्याचा त्या कुरणावर शब्द चालते. एपुपाचं धरण काही झालं नाही, आता धरणाची जागा नदीच्या खालच्या अंगाला बेन्स डोंगराकडे धरून आहेत. आपल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 चं, पुनर्वसनाचं रडगाणं विदर्भाला काय नवीन आहे का, तेव्हा हा विषय आपल्या वाचकाला चटकन समजला असता.

फोटो मात्र झकास. फक्त तिसऱ्या फोटोखाली 'कुमारिका' छापलं ते दुरुस्त करा, तिच्या डोक्यावर कातड्याचं एरेंबे आहे, ते लग्न झालेल्या बाईचं असते, लहान पोरींच्या तर दोन वेण्या कपाळावरून पुढे लोंबतात.

एक वाचक, महाल, नागपूर