तीर्थरूप बाबांस, कार्डाविषयी

शिकागो,
ता. १४ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर बोलताना माझ्या क्रेडिट कार्डाचा विषय निघाला आणि तुम्ही एकदम गप्प झालात. मुलगी परदेशात जाऊन उधारीवर जगू लागली की काय, या काळजीने त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही, असे आईने नंतर मला सांगितले. फोनवरच्या दहा मिनिटांत ही गोष्ट नीट समजावता आली नसती, म्हणून सविस्तर लिहीत आहे. धाकट्याला नोकरी लागल्यापासून त्यालाही कार्डासाठी फोन येऊ लागले आहेत, असे आई म्हणाली. तेव्हा हे पत्र वाचून झाले की त्यालाही द्यावे.

हातात पैसे असतील तरच वस्तू घरात आणायची, हे तुम्ही आम्हाला लहानपणापासून शिकवले आणि मी आजही त्याच नियमाने चालते. मात्र इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आले की, ज्याने कधी कोणाचे देणे केले नाही, त्याच्याविषयी इथल्या व्यवस्थेला काहीच ठाऊक नसते. घर भाड्याने घ्यायला गेले तेव्हा मालकाने सर्वांत आधी माझा क्रेडिट स्कोअर विचारला. तो नसल्याने एका महिन्याऐवजी दोन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून ठेवावे लागले. बँकेत माझे पैसे होते, नोकरीचे पत्र होते, पण मी घेतलेले पैसे वेळेवर परत करते की नाही, हे सांगणारा एकही कागद माझ्याजवळ नव्हता.

इथे इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन अशा तीन संस्था प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवतात आणि त्या नोंदीवरून ३०० ते ८५० च्या दरम्यान एक आकडा काढला जातो. फायको नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९८९ पासून वापरात आहे. त्या आकड्यात सर्वांत मोठा वाटा, म्हणजे ३५ टक्के, देणी वेळेवर फेडली की नाहीत याचा असतो, आणि त्याखालोखाल ३० टक्के वाटा किती देणे अंगावर आहे याचा. पगार किती, शिक्षण किती, बचत किती, हे त्यात कोठेच येत नाही. मला हे प्रथम फार अन्यायाचे वाटले. अजूनही थोडे वाटते, पण ज्या देशात राहायचे तिथली रीत समजून घेणे भागच असते.

नोकरीवर रुजू होऊन सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथल्या सरकारने दिलेला ओळख क्रमांक, हातात आल्यावर मी एका बँकेकडे साध्या कार्डासाठी अर्ज केला. दहा दिवसांनी नकाराचे पत्र आले. नकाराचे कारण कळवणे इथे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्या पत्रात ते एका ओळीत लिहिलेले होते: पुरेशी क्रेडिट हिस्ट्री, म्हणजे कर्जफेडीची मागची नोंद, नाही. कार्डाशिवाय हिस्ट्री होत नाही आणि हिस्ट्रीशिवाय कार्ड मिळत नाही, असा तो पेच होता. त्यातून वाट निघाली ती सिक्युअर्ड कार्डाची. या कार्डासाठी आपलेच पैसे बँकेकडे अनामत ठेवावे लागतात आणि जेवढी अनामत तेवढी खर्चाची मर्यादा मिळते. मी ५०० डॉलर ठेवले, म्हणून माझी मर्यादा ५०० डॉलरची झाली. तेव्हा बाबा, माझ्या पहिल्या कार्डामागे माझ्याच कमाईचे पैसे तारण होते, हे आधी सांगते, म्हणजे तुमच्या मनावरचे ओझे थोडे तरी उतरेल.

मात्र अनामत ठेवली म्हणून खर्च त्यातून वळता होत नाही, हे पहिल्यांदा कार्ड घेणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अनामत बाजूला पडून राहते. आपण केलेला खर्च हे वेगळे देणे असते आणि ते दरमहा आपणच फेडायचे असते.

आता एक चूक तुमच्यापुढे कबूल करते, कारण या सगळ्या प्रकरणात मी जे काही शिकले ते त्या चुकीतून शिकले. पहिल्याच महिन्यात मी कार्डावर ४३० डॉलरचा लॅपटॉप घेतला. महिनाअखेरीस स्टेटमेंट आले. त्यावर ठळक अक्षरांत दोन आकडे होते: एकूण देणे ४३० डॉलर आणि त्याखाली किमान देणे २५ डॉलर. मला वाटले की ४३० चे हप्ते पाडून दिले आहेत आणि या महिन्याचा हप्ता २५ चा आहे. मी २५ डॉलर भरले आणि आपण वेळेवर भरले या समाधानात राहिले. पुढच्या स्टेटमेंटमध्ये साडेदहा डॉलर व्याजाचे लागलेले दिसले, तेव्हा मी आधीचा कागद पुन्हा काढून ओळीओळीने वाचला. त्याच्या पहिल्याच पानावर एक चौकट होती. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर हे देणे फिटायला किती काळ लागेल आणि एकूण किती पैसे जातील, हे त्या चौकटीत स्वच्छ लिहिलेले होते. २००९ च्या कायद्याने ही चौकट प्रत्येक स्टेटमेंटवर छापणे सक्तीचे केले आहे. ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती वाचली नव्हती.

त्या रात्री मी वही घेऊन स्वतः हिशेब मांडला. माझ्या कार्डाचा व्याजदर वर्षाला २८ टक्के आहे. नवा एक डॉलरही खर्च न करता दरमहा २५ डॉलरच भरत राहिले असते, तर ते ४३० डॉलर फिटायला तेवीस महिने लागले असते आणि सव्वाशे डॉलरच्या आसपास नुसते व्याज गेले असते. पहिल्या २५ डॉलरमधले दहा व्याजात जातात आणि मुद्दल पंधरानेच उतरते, हे कागदावर मांडल्याशिवाय मनाला पटत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मला त्याच वेळी समजली. स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत इथे किमान २१ दिवस मिळतात. त्या तारखेच्या आत पूर्ण रक्कम भरली तर एक पैसाही व्याज लागत नाही. परंतु एकदा का थोडीशी रक्कम मागे राहिली, की ही बिनव्याजी सवलत निघून जाते आणि त्यानंतर केलेल्या प्रत्येक नव्या खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज चालू होते. म्हणजे जुने देणे थोडे आणि नवी खरेदी मोठी असली तरी व्याज दोन्हींवर. मी दुसऱ्या महिन्यात सगळी रक्कम भरून टाकली, तरी तिसऱ्या स्टेटमेंटमध्ये पुन्हा सात डॉलर दिसले. स्टेटमेंट निघाल्यापासून मी पैसे भरेपर्यंतच्या वीस दिवसांचे ते व्याज होते. तेही भरल्यानंतर खाते निरंक झाले. मिळून साडेसतरा डॉलर गेले. रक्कम मोठी नव्हती, पण बिनकामाचे गेलेले पैसे तुम्ही वहीत लाल शाईने लिहिता, तसे मीही ते लिहून ठेवले आहेत.

त्यानंतर मी जे ठरवले ते आजपर्यंत मोडलेले नाही. स्टेटमेंटवरची पूर्ण रक्कम ठरलेल्या तारखेला बँक खात्यातून आपोआप वळती व्हावी, अशी सूचना मी बँकेला दिली आहे. सूचना देताना किमान रक्कम, पूर्ण रक्कम की ठरावीक रक्कम असे तीन पर्याय पुढे येतात, आणि घाईत पहिल्यावरच बोट पडते, म्हणून मी निवड दोनदा तपासून पाहिली. दर रविवारी सकाळी कार्डावरचा आठवड्याचा खर्च वहीत उतरवते आणि तेवढे पैसे खात्यात बाजूला आहेत ना, हे पाहते. कार्डावर मी बसचा पास, किराणा आणि फोनचे बिल एवढेच घेते; म्हणजे कार्ड नसते तरी जो खर्च झालाच असता तेवढाच. कार्डाने रोख रक्कम मी कधीही काढलेली नाही आणि काढणार नाही, कारण तिच्यावर वेगळे शुल्क लागते आणि पहिल्या दिवसापासून व्याज; तिथे ते २१ दिवस मुळीच नाहीत.

कार्ड घेतल्यानंतर सहा महिन्यांनी माझा पहिला स्कोअर निघाला, कारण त्याआधी तो काढताच येत नाही. मग एप्रिलमध्ये कामासाठी विमानाचे तिकीट काढले, ४२० डॉलरचे. पैसे वेळेवर आणि पूर्ण भरले, तरीही मधल्या काळात स्कोअर चाळीस गुणांनी खाली आला. मी घाबरून गेले. चौकशी केल्यावर कळले की, बँक या तीन संस्थांना बहुधा स्टेटमेंटच्या तारखेचा आकडा कळवते, आपण नंतर तो फेडतो याच्याशी त्याचा संबंध नसतो. ५०० च्या मर्यादेत ४२० वापरलेले दिसले, म्हणजे माणूस ओढाताणीत आहे असा अर्थ निघाला. पुढच्या महिन्यात खर्च साठ डॉलरचा दिसला आणि गुण परत आले. तेव्हापासून मोठी खरेदी करावी लागलीच, तर मी स्टेटमेंट निघण्याआधीच पैसे भरून टाकते. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावे असे इथे सर्रास सांगतात. माझ्या मते त्याहूनही बरेच खाली राहिलेले बरे.

जूनमध्ये आणखी एक प्रसंग घडला. तो आईला घाबरू न देता सांगावा. मी कधी न गेलेल्या दुकानाचे ३८ आणि ११२ डॉलरचे दोन खर्च माझ्या कार्डावर दिसले. रविवारच्या तपासणीत ते सापडले, म्हणून मी लगेच कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर फोन केला. त्यांनी ते कार्ड त्याच क्षणी बंद केले, आठवड्यात नवे पाठवले आणि दोन्ही रकमा वजा केल्या. क्रेडिट कार्डाच्या अशा गैरवापरात ग्राहकाची जबाबदारी इथल्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ५० डॉलरची असते. डेबिट कार्डाचे मात्र तसे नाही. तिथे कामकाजाच्या दोन दिवसांच्या आत कळवले नाही, तर जबाबदारी ५०० डॉलरपर्यंत वाढू शकते, आणि पैसे आपल्याच खात्यातून आधी गेलेले असतात. म्हणून ऑनलाइन खरेदीला मी आता डेबिट कार्ड वापरत नाही.

आता धाकट्यासाठी चार शब्द, कारण तिथले नियम वेगळे आहेत आणि व्याज इथल्याहून जड आहे. भारतात अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज असते, म्हणजे वर्षाला बेचाळीस, आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. त्याने फोनवर दर विचारला की पलीकडचा माणूस महिन्याचाच आकडा सांगेल. त्याने तो बाराने गुणून पाहावा. किमान देणे हा प्रकार तिथेही आहे आणि माझ्यासारखाच तोही फसू शकतो. न मागता कार्ड पाठवण्यास रिझर्व्ह बँकेने बंदी केलेली आहे. तेव्हा कोणी "कार्ड मंजूर झाले आहे, फक्त ओटीपी सांगा" म्हणाले, तर त्याने फोन ठेवून द्यावा. ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो, बँकेच्या माणसालाही नाही. पहिले कार्ड घ्यायचेच असेल, तर मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घ्यावे. ठेवीवर व्याजही मिळत राहते आणि ठेवीच्या प्रमाणात मर्यादाही लहान राहते. घेतलेले कार्ड नको झाले आणि देणे काही बाकी नसले, तर ते बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकाली काढणे बँकेवर बंधनकारक आहे, हेही त्याला ठाऊक असावे. तिकडचा सिबिल स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि त्याचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो त्याने मागवून, त्यात आपल्या नावावर भलतेच काही नाही ना, हे बघावे. तुमचाही मागवावा अशी माझी विनंती आहे.

त्याला एक गोष्ट मात्र तुम्हीच सांगा, कारण माझ्यापेक्षा तुमचे तो जास्त ऐकतो. कार्डाची मर्यादा एक लाख असली, तरी ते एक लाख त्याचे झालेले नसतात. पगाराच्या रकमेतून घरखर्च आणि बचत वजा केली की जे उरते, कार्डावरचा खर्च तेवढ्यातच बसला पाहिजे. ज्या महिन्यात तो बसणार नाही असे वाटेल, त्या महिन्यात कार्ड घरी ठेवून बाहेर पडावे. मी हे दोन वेळा केले आहे.

मागच्या महिन्यात बँकेने माझी ५०० डॉलरची अनामत परत केली आणि कार्ड साधे करून मर्यादा १५०० केली. मर्यादा तिप्पट झाली, खर्च होता तेवढाच आहे. परत आलेले पैसे मी बचत खात्यात टाकले आहेत आणि त्याला हात लावलेला नाही. पुढच्या वर्षी घर बदलताना दोन महिन्यांची अनामत मागितली जाणार नाही, अशी आशा आहे.

सोबत मागील तीन महिन्यांच्या स्टेटमेंटच्या छायाप्रती जोडल्या आहेत. किमान देण्याची ती चौकट मी लाल पेन्सिलने खुणावली आहे, आणि शेवटच्या पानावर व्याजाच्या रकान्यात शून्य आहे तेही. तुम्ही चष्मा लावून सावकाश वाचा, जिथे अडेल तिथे खूण करून ठेवा. पुढच्या रविवारी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी फोन करीन, म्हणजे धाकटाही घरी असेल.

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याचे कसे आहे, ते कळवावे.

कळावे,
तुमची आज्ञाधारक कन्या